पिंगला झोपली

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आम्ही सध्या नाहूरला भाड्याने राहतो. आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली आहे. दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह मात्र चुकवलेला नाही. दुसऱ्या दिवशी अठरावा अध्याय येतो. अमरापूरचा गरीब ब्राह्मण, त्याच्या दारातला घेवड्याचा वेल, भिक्षा घेऊन निघताना महाराजांनी तो तोडणं, आणि वेलाचं मूळ खणताना सापडलेला धनाचा कुंभ. आपल्यापैकी बहुतेकांना ही कथा पाठ असेल.

खरं सांगतो, वाचताना माझं लक्ष कायम त्या कुंभाकडेच. बायको रडते आणि नवरा तिची समजूत घालतो, त्या ओव्या मी भराभर मागे टाकायचो. कुंभ निघायच्या आधीच तो माणूस स्वस्थ होता, हे कधी ध्यानात आलंच नाही.

गेल्या वर्षी बिल्डरकडून येणारं भाडं थांबलं. ‘पुढच्या आठवड्यात फोन करतो,’ असं उत्तर मिळालं. तेव्हापासून मोबाइल उशाशी. रात्री शेवटची लोकल गेलेली ऐकू यायची तरी डोळा लागायचा नाही. एका रात्री सौ. म्हणाली, ‘‘अहो, ठेवा तो फोन बाहेर. तो माणूस काय आता एक वाजता फोन करणार आहे?’’ मला रागच आला.

त्याच सुमारास श्रीमद्भागवताचा अकरावा स्कंध वाचायला घेतला होता. आनंदात फिरणाऱ्या अवधूताला यदुराजा विचारतो, ‘तुला हा आनंद मिळाला कुठून?’ अवधूत आपले २४ गुरू सांगतो. परंपरा या अवधूतालाच दत्तात्रेय मानते. जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ महाराज यांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत पूर्ण केली. तेच आपलं एकनाथी भागवत.

या २४ गुरूंत सतरावी आहे पिंगला, विदेहनगरीतली गणिका. (मुलांसमोर ही कथा वाचायला काही जण संकोचतात. दत्तप्रभूंना तिला गुरू म्हणताना संकोच वाटला नाही.) संध्याकाळी ती नटूनथटून दारात उभी राहते. एक जण येतो, निघून जातो. हा नाही तर पुढचा येईल, तो जास्त पैसे देईल. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते. अशीच मध्यरात्र होते. तोंड सुकतं, मन खचतं.

आशा सुटली की माणूस मोडतो, असं आपण म्हणतो. पिंगलाही आधी मोडलीच. पण त्या क्षणी तिला दिसलं की जो अगदी जवळ, हृदयात आहे, त्याची वाट आपण एकदाही पाहिली नाही. आणि जे स्वतःच गरजवंत, त्यांच्याकडे हात पसरत राहिलो! आता जे मिळेल त्यात श्रद्धेने राहायचं, असं ठरवून ती उठली आणि अंथरुणावर जाऊन निवांत झोपली.

मी पान उलटून पुढे पाहिलं. कुंभ कुठे निघतोय का, म्हणून! काही नाही. तिला कुणी धन दिलं नाही, रात्र तशीच रिकामी गेली. अवधूताने शिकण्यासारखं म्हणून जे उचललं ती तिची झोपच.

आता कुणी विचारेल, मग हातावर हात ठेवून बसायचं का? अमरापूरचा ब्राह्मण तरी कुठे बसला? वेल तुटल्यावर त्याने कुदळ घेतलीच की. मीही सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगला जातो, अर्जावर सही करतो, वकिलांकडे कागद पोहोचवतो. फरक एवढाच की ते काम दिवसाचं आहे. रात्री दहाला महाराजांच्या तसबिरीपुढे दिवा शांत झाला की जमाखर्च त्यांच्याकडे. पहिले काही दिवस हे नुसतं तोंडाने म्हणत होतो, मन फोनकडेच. कधी कधी अजूनही जातं.

भाडं अजून आलेलं नाही. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो. यंदा सप्ताहात अठरावा अध्याय वाचताना नवरा बायकोची समजूत घालतो तिथे मी थांबलो. सौ.ने विचारलं, ‘‘काय झालं?’’ म्हटलं, ‘‘काही नाही, परत वाचतो.’’