ग्रँट डफ : जुनी प्रत की नवे पुनर्मुद्रण?

प्रश्न : मराठ्यांच्या लष्करी इतिहासासाठी ग्रँट डफचा ग्रंथ जुन्या बाजारातून घ्यावा की नवा?

उत्तर : जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये लंडनहून तीन खंडांत निघाला आणि एस. एम. एडवर्ड्स यांनी संपादित केलेली दोन खंडांची सटीप आवृत्ती 1921 मध्ये आली. त्यामुळे प्रत जुनी की नवी यापेक्षा ती कोणत्या पाठाची आहे, हे आधी पाहावे लागते. पुनर्मुद्रण म्हणजे मजकूर न बदलता पुन्हा छापलेले पुस्तक असल्याने त्याच्या मुखपृष्ठावरील ताजे साल फसवे ठरू शकते, म्हणून शीर्षकपानामागची नोंद वाचावी. जुन्या प्रतीत घडीचा नकाशा जागेवर आहे का, तो घड्यांवर फाटला आहे का, शिवण सैल झाली आहे का आणि कसरीची भोके अक्षरांपर्यंत पोचली आहेत का, हे दुकानातच तपासावे. छायामुद्रित नव्या प्रतीत बारीक टिपा पुसट येतात आणि नकाशा कधी गाळलाच जातो. निव्वळ अभ्यासासाठी मात्र पहिल्या आवृत्तीवर मोठी रक्कम घालणे अनाठायी आहे.

साताऱ्यात कंपनीचा अधिकारी राहिलेल्या डफ यांना अस्सल कागद पाहता आले, तरी त्यांची दृष्टी राज्यकर्त्याची होती. तेव्हा सोबत सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील 1928 चा ग्रंथ, त्र्यं. शं. शेजवलकरांचे पानिपतावरील विवेचन आणि राजवाड्यांनी 1898 पासून छापलेली साधने ठेवावीत. यांपैकी राजवाड्यांचे सुटे खंड रद्दीतूनही घेण्याजोगे आहेत.