शंका-समाधान : मांडवाखालची हवा

या वेळच्या पत्रांत औषधांच्या नावांपेक्षा हवामानाची विचारणा जास्त आहे, ही चांगली गोष्ट. ऊन, थंडी, ढग आपल्या हातात नाहीत. पण मांडवाखालची पाने किती वेळ ओली राहतात, घडाला ऊन किती लागते आणि मुळाशी पाणी कधी जाते, हे बरेचसे आपल्या हातात असते. खालची उत्तरे त्या अंगाने वाचावीत.

शंका : ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात थॉमसनची फळछाटणी घेतली. पाऊस थांबला होता आणि मोबाइलवर आर्द्रता ५० टक्के दिसत होती, म्हणून फवारणी पुढे ढकलली. दोडा अवस्थेत डाउनी दिसला. पाऊस नसताना तो आला कसा?
– एक बागायतदार, निफाड

समाधान : तुम्ही पाहिलेला आकडा दुपारचा असणार, आणि तोही मोकळ्या हवेचा. हवा थंड होत गेली की तिच्यात बाष्प कमी मावते. दुपारी ३० अंशांना ५० टक्के आर्द्रता असलेली हवा रात्री १८ अंशांवर आली की तीच १०० टक्क्यांना टेकते. त्यासाठी बाहेरून थेंबभरही बाष्प यावे लागत नाही. उघड्या आकाशाखालचे पान तर हवेपेक्षाही लवकर थंड होते. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात, तसे दव आधी पानावर धरते.

डाउनीच्या बुरशीला पाऊसच लागतो असे नाही, पानावर पाण्याचा पातळ थर पुरतो. त्या पाण्यातून तिचे बीजाणू पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांपर्यंत जातात. १८ ते २५ अंश तापमान आणि काही तास ओले पान एवढ्यावर लागण होते. डाग मात्र त्यानंतर साधारण पाच-सात दिवसांनी दिसतो. म्हणजे डाग दिसला त्या दिवसाचे नव्हे, त्याआधीच्या आठवड्यातल्या रात्रींचे हवामान तपासायला हवे.

एक काम करा. आठवडाभर सकाळी बागेच्या मधोमध जाऊन पाने उलटून पाहा आणि ती किती वाजता कोरडी होतात ते वहीत लिहा. बांधाकडची ओळ आठलाच कोरडी आणि मधली दहापर्यंत ओली असेल, तर तिथे गर्दी आहे. फेलफुटी काढा, बगलफुटी वेळेवर खुडा, काड्या तारेवर सुट्या बांधा. पाणी ठिबकने सकाळी द्या, संध्याकाळी मोकाट सोडू नका. ओलाव्याची रात्र येणार असे दिसले की संरक्षक फवारणी तिच्या आधी व्हायला हवी.

तेलकट डाग डाउनीचाच आहे का अशी शंका असेल, तर ते पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला पांढरी लव दिसली तर डाउनीच समजा.

शंका : मोठा खर्च करून बागेवर प्लास्टिक आच्छादन टाकले. डाउनी आटोक्यात राहिला, पण यंदा भुरीने घड पांढरे झाले. आच्छादनाचा दोष म्हणायचा का?
– एक बागायतदार, तासगाव

समाधान : दोष नाही, तो स्वभाव आहे. डाउनीला ओले पान लागते, भुरीला लागत नाही. उलट पानावर साचलेल्या पाण्याने भुरीचे बीजाणू मरतात. ढगाळ, दमट हवा, २० ते २७ अंश तापमान आणि मंद उजेड तिला मानवतो. आच्छादनाखाली पाऊस आणि दव अडतात, तसेच भुरीला मारक असणारे अतिनील किरणही कमी होतात. एका रोगाची वाट बंद झाली, दुसऱ्याची मोकळी झाली.

म्हणून आच्छादनाखालचे फवारणीचे वेळापत्रक उघड्या बागेवरून उचलू नये. डाउनीच्या काही फवारण्या वाचतील, पण भुरीची पाहणी फुलोऱ्यापासूनच सुरू करा. मणी लहान असताना झालेली लागण पुढे मणी तडकण्यापर्यंत जाते. हवा खेळती राहील अशी उंची आणि दोन्ही टोकांना मोकळीक ठेवा. गंधक उपयोगी आहे, पण आच्छादनाखाली पारा बाहेरच्यापेक्षा वर असतो. ३२-३३ अंशांच्या पुढे गंधकाने कोवळे पान आणि मणी भाजतात, म्हणून फवारणी दिवसाच्या थंड वेळेत उरका.

शंका : कडाक्याच्या थंडीत मणी गुलाबी पडतात आणि पहाटे तडकतात. शेकोट्या पेटवून धूर केला तर फायदा होतो का?
– एक बागायतदार, दिंडोरी

समाधान : तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारले आहेत.

गुलाबी मणी, म्हणजे पिंक बेरी, पाणी उतरण्याच्या सुमारास येते. रात्री कडक थंडी आणि दुपारी घडावर थेट ऊन, ही तफावत हिरव्या वाणांत मण्याचा रंग बदलते. रंग आल्यावर तो घालवता येत नाही. म्हणून पाणी उतरायच्या आधीच घडाला कागद लावा आणि घडावर पानांची सावली राहील हे पाहा. कागद बांधण्यापूर्वी घडात मिलीबग नाही ना, याची खात्री करा. आत राहिला तर काढणीलाच कळेल.

तडकण्याचे कारण पाण्याच्या हिशेबात आहे. थंड रात्री पानांतून बाष्प जाणे जवळजवळ थांबते, मुळे मात्र उबदार, ओल्या जमिनीतून पाणी उचलत राहतात. ते मण्यात साठते आणि साल फाटते. जमीन आधी कोरडी ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिले तर हमखास तडकते. पाणी थोडे थोडे, रोज सारखे द्या. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे अतिथंड पहाटे हलके पाणी चालते, पण नियमित ओल असलेल्या बागेतच.

शेकोटीत उपयोग उबेचा असतो, धुराचा फार थोडा. वारा पडलेल्या रात्री एक मोठी होळी पेटवली तर गरम हवा सरळ वर निघून जाते. त्याऐवजी बागेभोवती आणि ओळींमध्ये लहान लहान शेकोट्या करा आणि त्या पहाटेच्या सर्वांत थंड वेळेपर्यंत धगधगत ठेवा. वारा असेल तर खटाटोप करू नका.

शंका : खरड छाटणीनंतर पारा ४२ अंशांवर गेला. फुटी मागेपुढे निघाल्या, काही ओलांडे रिकामेच राहिले. काय करावे?
– एक बागायतदार, पंढरपूर

समाधान : उघडा पडलेला ओलांडा उन्हात हवेपेक्षा जास्त तापतो आणि कोरड्या हवेत डोळे सुकतात. छाटणीआधी बाग नीट भिजवा, बोदावर उसाचे पाचट टाका. छाटणीनंतर दुपारी आणि संध्याकाळी ओलांड्यावर नुसत्या पाण्याचा फवारा घ्या. शक्य असेल तिथे शेडनेट वापरा. पाने उघडली की हा फवारा थांबवा, नाहीतर तोच ओलावा रोगाला आमंत्रण देईल. छाटणीही शक्यतो एप्रिलच्या पूर्वार्धात आटोपा.

फूट मागेपुढे झाल्याचा फटका पुढेही बसतो. सूक्ष्म घडनिर्मिती साधारण छाटणीनंतर ४० ते ७० दिवसांत होते आणि तिला डोळ्यावर उजेड लागतो. उशिरा निघालेल्या काड्यांचा हा काळ जूनच्या ढगाळ दिवसांत येतो. म्हणून जादा काड्या लवकर काढा.

शंका : चिपळूणला परसात वेल लावला आहे. वाढ जोरात आहे, द्राक्षे येत नाहीत.
– एक वाचक

समाधान : कोकणात उष्णता आणि दमटपणा वर्षभर असल्याने वेल थांबतच नाही, पाने वाढवत राहतो. ऑक्टोबरअखेर पक्व, तपकिरी काडीवर छाटणी घ्या. थोडे घड लागतील. नाशिकसारखी गोडी आणि टिकाऊपणा अपेक्षू नका.

औषधाचे नाव आणि मात्रा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू सल्ल्यावरून ठरवा आणि निर्यातीच्या मालाला काढणीपूर्व कालावधी पाळा. पुढचे पत्र पाठवताना वाण, खुंट, छाटणीची तारीख, बागेतल्या घडाच्या उंचीवरचे किमान-कमाल तापमान आणि पाने सकाळी कोरडी होण्याची वेळ कळवा. एवढी माहिती असली की उत्तर नेमके देता येते.