‘नंतर वाढवता येईल’ हे बिलावर लिहून घ्या

लॅपटॉपच्या दुकानांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘आत्ता आठ जीबी घ्या, लागली तर नंतर रॅम वाढवता येईल.’ काही लॅपटॉपच्या बाबतीत ते खरं असतं, काहींच्या बाबतीत साफ खोटं. कुठल्या मॉडेलला काय लागू पडतं, हे विकणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं, कारण तो त्याचा धंदा आहे. प्रस्तुत लेखिकेला हे वाक्य पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या मोठ्या, गर्दीच्या दुकानात ऐकवलं गेलं. त्याची किंमत तिने ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात मोजली.

लेखिका पानं लावते. पुस्तकं, स्मरणिका, आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. इनडिझाइन आणि फोटोशॉप दोन्ही दिवसभर उघडे, सोबत ब्राउझर, लेखकांच्या पीडीएफ, व्हॉट्सॲपवर येणारी मुद्रितं. दुकानात तिने हे सगळं सांगितलं आणि सोळा जीबीचाच लॅपटॉप मागितला. ही मागणी हवेतली नव्हती. या दोन्ही सॉफ्टवेअरसाठी अडोबीनेच किमान ८ जीबी आणि शिफारस १६ जीबी अशी दिलेली आहे.

‘ताई, आठ भरपूर होतंय की,’ काउंटरवरचा मुलगा म्हणाला. ‘एसएसडी आहे ना, कमी पडलं तर तीच रॅमचं काम करते. आणि तुमचे फोटो असतात केवढे? चार-पाच एमबीचे!’ सोळावालं मॉडेल शिल्लक नव्हतं, हे त्याने सांगितलं नाही. ते नंतर कळलं. लेखिकेने पुन्हा स्पष्ट विचारलं, पुढे वाढवता येईल का? त्याने लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडला, मेमरीच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘बघा, दोन स्लॉट दाखवतंय. दोन्ही काढून मोठ्या बसवायच्या.’ मालक शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली.

त्या मुलाचं फोटोंबद्दलचं बोलणं आधी निकालात काढायला हवं, कारण ते ऐकून बरेच जण गप्प बसतात. डिस्कवर चार एमबीची दिसणारी जेपेग फाइल दाबून लहान केलेली असते. फोटोशॉपमध्ये उघडली की ती पुरी उलगडते. ए-४ आकाराचं पान, ३०० डीपीआय, छपाईचे चार रंग, एवढ्याच हिशेबाने मेमरीत सुमारे ३५ एमबी लागतात. तेही एका थरासाठी. मुखपृष्ठाला दहा-बारा थर सहज होतात, आणि मागे जाता यावं म्हणून प्रोग्रॅम आधीच्या पायऱ्याही धरून ठेवतो. एक मुखपृष्ठ कित्येकशे एमबी खातं, आणि विंडोजने स्वतःसाठी घेतलेले काही जीबी त्याआधीच गेलेले असतात.

एसएसडी रॅमचं काम करते, हेही अर्धसत्य. रॅम भरली की विंडोज काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये हलवतं, त्यामुळे प्रोग्रॅम लगेच कोसळत नाही. पण डीडीआर४-३२०० रॅमचा एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी वाहून नेऊ शकतो, तर साटा जोडणीची एसएसडी जेमतेम अर्धा जीबी. एनव्हीएमई एसएसडी साटापेक्षा कितीतरी वेगवान असते, तरी एखादी नोंद शोधून आणायला तिला रॅमच्या शेकडो पट, कित्येकदा हजार पट वेळ लागतो. नळाला पाणी नसताना टँकरने भागतं, पण रोजचं घर टँकरवर चालत नाही. फोनच्या जाहिरातींत ‘८ + ८ जीबी’ असं छापतात, तिथला दुसरा आठही याच जातीचा. या दाव्याला इतिहास आहे. विंडोज ९५ च्या काळात ‘सॉफ्टरॅम’ नावाचं सॉफ्टवेअर रॅम दुप्पट करतं म्हणत लाखोंनी खपलं. तपासणाऱ्यांनी ते उघडून पाहिलं तेव्हा ते तसलं काहीच करत नव्हतं, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली.

हंगाम सुरू झाला आणि लॅपटॉप अडू लागला. अंकाची फाइल उघडून फोटोशॉपकडे वळावं, तर पडदा पांढरा पडायचा. परत इनडिझाइनवर यावं, तर कर्सर फिरत राहायचा. ज्या दुरुस्तीला पूर्वी एक क्षण लागायचा, तिच्यासाठी हात मांडीवर ठेवून बसायचं. संपादकांचे फोन येत राहिले. उशीर लेखिकेच्या नावावर जमा झाला, दुकानाच्या नाही.

मग रॅम वाढवायची ठरली. ज्या दुकानातून घेतला तिथे ‘इंजिनिअर नाही, नंतर या’ असं उत्तर मिळालं, म्हणून लॅपटॉप एका छोट्या दुरुस्तीच्या गाळ्यावर नेला. तिथल्या कारागिराने मागचं झाकण काढलं, बॅटरी सोडवली आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग त्याने टॉर्च धरला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने चार काळ्या चौकोनी चिप्स दाखवल्या. ‘ही तुमची रॅम. बोर्डालाच डाग देऊन लावलीय. काढायला काहीच नाही, मॅडम, आणि बसवायला जागाही नाही.’ स्लॉट दोन नव्हते, एकही नव्हता. सोल्डर केलेली मेमरीसुद्धा टास्क मॅनेजर स्लॉट म्हणूनच मोजतो. दुकानातल्या मुलाने दाखवलेला आकडा खरा होता आणि त्याने काढलेला अर्थ खोटा. त्याच पडद्यावर, त्याच्या बोटाच्या खालच्याच ओळीत, ‘फॉर्म फॅक्टर: रो ऑफ चिप्स’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे सुट्या पट्ट्या नाहीत, बोर्डावर बसवलेल्या चिप्सची रांग आहे. रोज हीच मॉडेलं विकणाऱ्याला ती ओळ वाचता येऊ नये?

राग खरा त्यापुढच्या वागण्याचा आहे. दुकानात गेल्यावर मालक आधी म्हणाले, ‘असं कोण बोललं?’ ते स्वतः तिथे उभे होते, याची आठवण करून दिल्यावर म्हणाले, ‘तो मुलगा आता आमच्याकडे नाही.’ मग, ‘कंपनीचं डिझाइन आहे, आम्ही काय करणार?’ शेवटी आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखं, ‘तुमचं कामच जड आहे, ताई. साध्या लोकांना आठ जीबी पुरते.’ काम काय आहे हे पहिल्याच दिवशी सांगून सोळा जीबी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ऐकवलं गेलं. वर बायबॅकची तयारी दाखवली, तीही अशा रकमेला की त्यात नव्या लॅपटॉपचा निम्मा भागही आला नसता.

मेमरी बोर्डावर डाग देऊन बसवण्यात फसवणूक नाही, हे न्यायाने सांगायला हवं. एलपीडीडीआर जातीच्या चिप्स कमी वीज खातात, त्यांनी लॅपटॉप पातळ होतो, बॅटरी जास्त टिकते. ॲपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही हीच वाट धरली आणि पुढे बाकीचे बरेच उत्पादक तिकडे वळले. फसवणूक आहे ती गिऱ्हाइकाने विचारल्यावर उलटं सांगण्यात. सुट्या पट्टीच्या लॅपटॉपवर कमी रॅम घेणं ही दुरुस्त होणारी काटकसर आहे, सोल्डरच्या लॅपटॉपवर तोच निर्णय कायमचा.

‘किमान’ या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ४ जीबी सांगितली आहे. तेवढ्यात विंडोज सुरू होतं, काम सुरू होत नाही. २००६ साली विंडोज व्हिस्टा येण्याआधी ५१२ एमबीच्या संगणकांवरही ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लागले होते. २००७ मध्ये त्यावरून अमेरिकेत खटला झाला. वादाचं मूळ मुख्यतः ग्राफिक्स चिपमध्ये होतं, पण त्यात बाहेर आलेल्या अंतर्गत ईमेलमध्ये मायक्रोसॉफ्टचेच एक उपाध्यक्ष माइक नॅश यांनी तक्रार केली होती, की आपला २,१०० डॉलरचा लॅपटॉप आता फक्त ईमेलपुरता उरला आहे. खटल्याचं सामूहिक स्वरूप न्यायालयाने २००९ मध्ये काढून घेतलं. कंपनीच्या आतल्या माणसाची ही गत, तर जिल्ह्याच्या गावातल्या गिऱ्हाइकाने स्टिकरवर कसा विश्वास ठेवावा?

ॲपलचं उदाहरण ताजं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात कंपनीच्या एका उपाध्यक्षांनी आपल्या मॅकमधली ८ जीबी इतरांच्या १६ जीबीच्या तोडीची असल्याचं सांगितलं. वर्षभरात, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर, त्याच कंपनीने नव्या मॅकची सुरुवातच १६ जीबीपासून केली, आणि जुन्या दोन मॅकबुक एअरलाही किंमत न वाढवता तेवढीच मेमरी दिली. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ संगणकांसाठी किमान १६ जीबीची अट घातली. ‘आठ भरपूर’ म्हणणाऱ्याला हे दोन दाखले द्यावेत.

गरज वाढते ती वापरणाऱ्याने काही न बदलताही. २०१८ मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर क्रोमने सुरक्षेसाठी वेगवेगळी संकेतस्थळं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे मेमरीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढेल, हे गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. लॅपटॉप तोच, टॅब तेच, खाणं मात्र जास्त.

मग किती घ्यावी? बँकेचं काम, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, मोजके टॅब, एवढ्यासाठी आठ जीबी आजही चालते, पण पुढे वाढवण्याची सोय असेल तरच. सोल्डरचा लॅपटॉप घ्यायचा तर सोळाच्या खाली जाऊच नये. पानं लावणं, फोटो, मोठ्या एक्सेल, थोडं प्रोग्रॅमिंग याला सोळा. व्हिडिओचं संकलन, व्हर्च्युअल मशीन, मोठे थरदार फोटो असतील तर बत्तीस. त्यापुढचं ज्यांना लागतं त्यांना ते आधीच माहीत असतं.

अंदाजापेक्षा मोजणं बरं. सध्याच्या संगणकावर कामाचा सगळ्यात गर्दीचा दिवस निवडावा, नेहमीचं सगळं उघडावं आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधलं परफॉर्मन्स आणि मग मेमरी पाहावं. ‘इन यूज’ हा आकडा एकटा फसवतो. ‘कमिटेड’चा पहिला आकडा पाहावा. तो बसवलेल्या रॅमच्या पुढे वारंवार जात असेल, तर रॅम अपुरी आहे. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला ‘मेमरी प्रेशर’चा आलेख पाहावा. हिरवा राहिला तर चिंता नाही, पिवळा-लाल होत असेल तर आहे.

रॅम बदलता येते का, हे तपासायला दुकानातला पडदा पुरत नाही. मॉडेलचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यावा, फक्त मालिकेचं नाव नको, कारण एकाच नावाखाली सोल्डरचे आणि स्लॉटचे दोन्ही प्रकार विकले जातात. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरची तांत्रिक माहिती उघडावी. लेनोवोच्या पीएसआरईएफ या संग्रहात मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, हे मॉडेलनिहाय लिहिलेलं असतं. ‘एलपीडीडीआर’ दिसलं तर वाढवण्याचा विचार जवळपास सोडूनच द्यावा. ‘सोडिम’ दिसलं तर स्लॉट आहे. काही लॅपटॉपमध्ये आठ जीबी सोल्डर आणि शेजारी एक मोकळा स्लॉट असतो. तो सौदा वाईट नाही. पट्टी घेताना डीडीआर४ की डीडीआर५ हे पक्कं करावं, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठच्या दोन घ्याव्यात. अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच वाटा उचलतं, आणि दोन चॅनेलचा फरक त्याला लगेच जाणवतो.

बाकी नेहमीचं: दोन-तीन दुकानं हिंडावीत, घाई करू नये, बिल जपावं. भाव उतरतील म्हणून थांबण्यात मात्र सध्या अर्थ नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा साठा ओढून घेतल्याने रॅम जोरात महागली, आणि मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदाच बंद करण्याचं डिसेंबरात जाहीर केलं.

लेखिकेने पुढचा लॅपटॉप दुसऱ्या गावातून घेतला. बिलावरच लिहून मागितलं: मेमरी सोडिम, स्लॉट दोन, कमाल ३२ जीबी. त्या दुकानदाराने संगणकावर मॉडेल पाहिलं, लिहिलं आणि शिक्का मारून दिला.

पहिल्या दुकानाविरुद्ध तिने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येतं, दुकानाच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. पुरावा म्हणून दुकानाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बिल, आणि गाळ्यावर झाकण उघडं असताना काढलेले फोटो तिने जोडले आहेत. तक्रार गेल्यावर मालकांचा फोन आला. बायबॅकची रक्कम आता बरीच वाढली होती. लेखिकेने ती नाकारली. तिला पूर्ण किंमत हवी आहे, आणि तक्रार चालू आहे.