जुनी फायबर होडी : दुरुस्ती करावी की रूपांतर?

कोकण किनाऱ्यावरील छोट्या मासेमारीत लाकडी होड्यांची जागा मोठ्या प्रमाणात फायबरच्या होड्यांनी घेतली आहे. यांतील अनेक होड्या आता जुन्या झाल्या आहेत. त्यांची डागडुजी करून मासेमारी चालू ठेवावी, की मालवण-तारकर्ली परिसराप्रमाणे पर्यटकांच्या सफरीसाठी त्यांचे रूपांतर करावे, असा प्रश्न मच्छीमार बांधवांपुढे उभा राहतो. याचे उत्तर होडीच्या बाह्य रंगरूपापेक्षा तिच्या पोटातील लाकडाच्या स्थितीवर अवलंबून असते.

फायबरच्या आत दडलेले लाकूड

काचतंतू आणि राळ यांपासून बनलेले कवच कुजत नाही व त्याला कीडही लागत नाही. तथापि बहुतेक होड्यांत यंत्र बसविण्याची मागची फळी, तळातील आधारपट्ट्या आणि फलाट यांच्या आत प्लायवूड किंवा लाकूड असते. बोल्टच्या छिद्रातून वा तड्यातून पाणी आत शिरले की ते बाहेर पडत नाही. लाकडातील ओलावा सुमारे 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला, की कुजविणाऱ्या बुरशीस अनुकूल स्थिती निर्माण होते. या बाबतीत समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक ठरते. होडी जमिनीवर ठेवलेली असताना टेकूच्या लाकडातून वाळवीही वर चढू शकते.

पाण्याखालील लाकूड उघडे पडल्यास टेरेडोचा उपद्रव होतो. त्यास किडा म्हटले जात असले तरी तो शिंपल्यांच्या वर्गातील मृदुकाय प्राणी आहे. त्याचे प्रवेशछिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते. आतील लाकूड मात्र पोखरून जाते. लाकूड पोखरणाऱ्या अशा सागरी जीवांवर बेंगळुरू येथील काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने संशोधन केले आहे.

परीक्षण कसे करावे?

आंब्याच्या झाडातील भिरूड बाहेर पडणाऱ्या भुशावरून ओळखली जाते. होडीतही अशीच बारीक लक्षणे शोधावी लागतात.

1. लहान लाकडी हातोडीने सर्व भाग ठोकून पाहावा. निरोगी भागातून खणखणीत आवाज येतो. सुटलेल्या थरातून वा कुजक्या लाकडातून बद्द आवाज येतो.
2. यंत्र वर उचलून त्यावर दाब द्यावा. मागची फळी हलल्यास वा तिच्या कोपऱ्यांत तडे दिसल्यास आतील लाकूड कमकुवत झाले आहे असे समजावे.
3. संशयास्पद जागी आतील बाजूने 3 ते 4 मिलिमीटरचे छिद्र पाडून भुसा पाहावा. फिकट व कोरडा भुसा समाधानकारक. काळसर व ओला भुसा धोक्याचा. छिद्र राळेने लगेच बुजवावे.
4. रिकामी होडी पूर्वीपेक्षा खोल बसत असल्यास लाकूड वा फोम पाणी प्यायला असण्याची शक्यता असते.

निर्णय

कवच भक्कम असून केवळ मागची फळी कुजलेली असल्यास दुरुस्ती करणे योग्य. त्यासाठी आयएस 710 प्रतीचे मरीन प्लायवूड वापरावे आणि जुन्या फायबरची कड जाडीच्या 12 पट रुंदीपर्यंत उतरती घासावी. म्हणजे 5 मिलिमीटर जाडीस 60 मिलिमीटर. आधारपट्ट्या कुजल्या असून कवचाचे थरही सुटले असतील, तर दुरुस्ती व रूपांतर या दोन्हींवरील खर्च वाया जातो. अशा वेळी यंत्र काढून घेऊन नव्या होडीचा विचार करावा.

रूपांतर केल्याने कमकुवत होडी सुधारत नाही. मासे आणि बर्फ यांचा भार तळाशी असतो. प्रवासी त्याहून उंच बसतात, छपराचे वजन वर येते आणि डॉल्फिन दिसताच सारे एका बाजूस झुकतात. दिनांक 24 मे 2022 रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांना प्राण गमवावे लागले. यास्तव रूपांतरापूर्वी तोलाची तांत्रिक तपासणी आवश्यक आहे. मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी नेता येत नाहीत; त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून स्वतंत्र तपासणी व परवाना घ्यावा लागतो.

योग्य वेळ

राज्यात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. होडी त्याच वेळी मोकळी असल्याने दुरुस्ती पावसाळ्यावर ढकलली जाते. परंतु ओलसर पृष्ठभागावर फायबरचा नवा थर नीट चिकटत नाही आणि आत अडकलेला ओलावा नव्या लाकडासही कुजवितो. म्हणून परीक्षण एप्रिलमध्ये करावे आणि मोठी दुरुस्ती मे महिन्यात, हंगामाचे शेवटचे काही दिवस सोडूनही, पूर्ण करावी. ते शक्य नसल्यास सर्व बाजूंनी बंदिस्त, कोरड्या शेडचीच व्यवस्था करावी.

काम करताना राळेचा प्रवेगक कोबाल्ट आणि कठीणकारक पेरॉक्साइड एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यातून स्फोट होऊ शकतो. फायबर घासताना मुखपट्टी व चष्मा वापरावा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटण्यापूर्वी मागची फळी पुन्हा एकदा ठोकून, तिच्या आवाजाची खात्री करून घ्यावी.