कोविड गेला, धसका राहिला

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये बेड आणि ऑक्सिजनसाठी रात्रभर वणवण केलेली घरं सोमेश्वरनगर, बारामती, इंदापूर भागात कितीतरी आहेत. त्यांतली काही माणसं आजही छातीत धडधड, मोडलेली झोप अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात. ईसीजी चांगला निघतो. अॅम्ब्युलन्सचा आवाज ऐकला की घाम फुटतो, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांत डॉक्टरांनी हे फार आधी पाहिलं. व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांमुळे १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी या आजाराला पीटीएसडी असं अधिकृत नाव दिलं. संकट टळलं तरी मेंदू धोक्याचा इशारा देतच राहतो. यात भित्रेपणा कसला?

फौजेत जवानाला जोडीदार असतो, त्याला ते ‘बडी’ म्हणतात. रात्री कोण दचकून उठला, कोण जेवला नाही, हे त्याला न सांगता कळतं. कोविडनं नेमकं हेच हिरावलं. पेशंट वॉर्डात एकटा, घरच्यांना अंत्यदर्शन नाही, दहावा-तेरावा चार माणसांत उरकलेला. म्हणून त्या दिवसांत जे तुमच्या सोबत होते, त्या भावाशी, जावेशी, शेजाऱ्याशी आता बोला. समोरचा बोलत नसेल तर खोदून विचारू नका. चहा घ्या, उद्या पुन्हा जा.

बोलण्याबरोबर अंगही हलवायला हवं. भारतीय सैन्यातले जवान मुरलीकांत पेटकर यांना १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागल्या आणि कायमचं अपंगत्व आलं. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पदक सोडा, पण रोज ठरल्या वेळी अंग हलवणं तुम्हालाही जमेल. सकाळी तासभर चाला. ज्या हॉस्पिटलचा रस्ता तुम्ही टाळता, त्या रस्त्यानं एकदा कुणाला तरी सोबत घेऊन जा. टाळल्यानं भीती वाढते.

झोपेसाठी दारू मात्र नको. कित्येक माजी सैनिकांचे संसार तिनंच पोखरले. डोळा लागतो, पण पहाटे तीच भीती दुप्पट होऊन उठवते.

महिन्याहून जास्त काळ तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, स्वप्नं पडत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. समुपदेशनानं आणि गरज पडल्यास औषधानं हा आजार आटोक्यात येतो, वर्षं उलटली असली तरी. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.