नाताळचे पहिले जेवण : घाई नको

नाताळचे जेवण पहिल्यांदाच रांधणाऱ्या वसईकडच्या सुनांना मी एकच सांगतो : सगळे काम २५ तारखेवर ठेवू नका. मध्यरात्रीची मिस्सा, जागरण आणि सकाळपासून शेगडीपुढे उभे राहणे; मग पित्त आणि डोकेदुखी ठरलेली.

सोरपोतेल दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवावे. मुरल्यावर चव वाढते. वाढण्यापूर्वी मात्र खळखळून उकळावे. गोठवलेली २ किलोची कोंबडी ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण एक दिवस ठेवून मऊ होऊ द्यावी. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. शिंतोड्यांतून जंतू पसरतात. तिची सुरी कोशिंबिरीला वापरू नये. मांडीच्या जाड भागात ७४ अंश सेल्सिअस तापमान झाले म्हणजे ती शिजली. थर्मामीटर नसेल तर अख्खी भाजण्याऐवजी तुकडे करून शिजवावी.

उरलेले अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवावे. जुलाब-उलट्या म्हाताऱ्यांना, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रीला फार जड जातात. इन्सुलिन घेणाऱ्या सासऱ्यांना पाहुण्यांसाठी ताटकळत ठेवू नका. फुगे तळणे नणंदेकडे सोपवा आणि तुम्हीही सर्वांबरोबर गरम जेवा.