झूल बदलायचे किती घ्यायचे?

अगं, विचारलंस ते बरं केलंस. यार्ड चालवायला घेऊन जेमतेम उन्हाळा गेला नाही, तोवर तुझा आवाज दमल्यासारखा यायला लागला होता. तेव्हाच मला शंका आली होती. दुसऱ्यांचे घोडे आत घे, बाहेर सोड, गवत टाक, आणि हे सगळं ओळखीपाळखीत. पैसे मागायला तुझी जीभ रेटत नाही. आपण साताऱ्याकडच्या, शेजारणीकडे वाटीभर साखर दिली तर परत मागत नाही, तिथे घोडा दारातून आत घेतला म्हणून चार पौंड कसे मागायचे? पण भीड ही भिकेची बहीण. इंग्लंडमधला हिवाळा पाच महिने चालतो आणि पाच महिने फुकट राबलीस तर वसंतात तुझ्याकडे ना पैसा राहील ना माया.

आधी एक पक्कं कर. तुझं यार्ड डीआयवाय लिव्हरीचं आहे, म्हणजे दुसऱ्यांचे घोडे भाड्याने ठेवायचे आणि काम ज्याचं त्याने करायचं. मालकिणी भाडं देतात ते ठाणाचं, कुरणाचं, नळाच्या पाण्याचं आणि उकिरड्याच्या जागेचं. लीद काढणं, चंदी, खरारा, झूल हे सगळं त्यांचं त्यांनी करायचं. फुल लिव्हरीत हे भाड्यातच येतं, पार्टमध्ये काही येतं काही नाही. त्यामुळे वरच्या कामांच्या पैशांवरून कुरबूर व्हायची ती बहुतेक डीआयवायमध्येच. कुणी मोटरवेवर अडकतं, कुणाचं मूल तापाने फणफणतं आणि संध्याकाळी मेसेज येतो. तो यायलाच हवा, घोड्याच्या भल्यासाठी यायला हवा. फक्त त्या कामाचा दर तुझ्या फीडरूमच्या दारावर आधीच लागलेला हवा. आधी सांगितलेला दर माणसं निमूट देतात, त्यांना खुपतो तो महिनाअखेरीला बिलात अचानक दिसणारा आकडा.

दर काढायचा कसा, ते सांगते. दुसऱ्या यार्डचा कागद बघून आकडा उचलू नकोस, तिथलं कुरण दाराशी असेल आणि तुझं टेकडीपलीकडे. डिसेंबरची संध्याकाळ डोळ्यांसमोर धर आणि मिनिटं मोज. चारला अंधार पडतो. मोहरकी घेऊन फाटकापर्यंत चालायचं, चिखल बुटाच्या वर येतो, घोडा फाटकाशी उभा असेल तर नशीब, नाहीतर कोपऱ्यात जाऊन त्याला धरायचं. मग आत आणल्यावर बाहेरची ओली झूल उतरवायची. छातीचे दोन बक्कल, पोटाखालचे दोन आडवे पट्टे, मागच्या पायांतले दोन, सगळे चिखलाने बरबटलेले आणि थंडीने बोटं बधिर. झूल ओढली की घोडा अंग झाडतो आणि ते सगळं तुझ्या तोंडावर. मग आतली कोरडी झूल, चारी खुरांतली माती काढायची, पाण्याची बादली बघायची, गवताची जाळी टांगायची, ओली झूल वाळत घालायची. पंधरा मिनिटांत झालं तर तू हुशार.

आता मजुरी लाव. एप्रिल 2025 च्या दराने 21 वर्षं आणि त्यावरच्या माणसाला इथे तासाला किमान 12.21 पौंड द्यावे लागत. वर वर्षाला 5.6 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, ती जवळजवळ 12 टक्के होते. म्हणजे त्या दरानेच जवळजवळ पावणेचौदा पौंड झाले. पेन्शन, विमा, हातमोजे, दोन कामांच्या मधला रिकामा जाणारा वेळ धरलास तर तासाला 16 पौंडांच्या आत बसत नाही. पंधरा मिनिटांचे चार पौंड. हा नफा नव्हे बरं का, फक्त खर्च भरून निघाला. आणि हे काम तू स्वतः केलंस तरी हाच हिशेब धर. आपले स्वतःचे हात फुकट समजायची सवय आपल्या बायकांना फार.

म्हणून दोन पौंडांत आत घेणारी यार्डं दिसली की मला काळजी वाटते ती तिथे काम करणाऱ्या मुलींची. घोड्यांचं वेड असलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरी शनिवारभर ढकलगाडी ओढतात आणि बदल्यात अर्धा तास पोनीवर बसायला मिळतं. तू हे करू नकोस. सोळाच्या आतल्या मुलांना कामाला ठेवायचं तर बहुतेक कौन्सिलांची परवानगी लागते. आणि परवानगीचं सोड, लेकरांच्या वेडावर धंद्याचा हिशेब बसवायचा नसतो.

चार पौंड म्हटलं म्हणून सगळ्यांना सरसकट तेच नको. एकाच कुरणातून एकाच मालकिणीचे दोन घोडे यायचे असतील तर चालणं एकदाच झालं, दुसऱ्याचे कमी घे. आणि नालबंदासाठी घोडा धरून उभं राहायचं असेल तर दर 'भेटीचा' ठेवू नकोस, वेळेचा ठेव. नुसते खूर कापायचे असतील तर अर्ध्या तासात मोकळी होशील, चारी पायांना नवे नाल ठोकायचे तर तास सहज जातो, आणि नालबंद आधीच्या यार्डवरून उशिरा आला तर तो वेळ कुणाचा, हेही आधी बोलून ठेव. सहा ते आठ आठवड्यांनी तो येतोच, म्हणजे हा प्रश्न वर्षभर पुन्हा पुन्हा येणार. सगळ्यांचे घोडे एकाच दिवशी लावून घे, मग एकच माणूस सकाळभर उभा राहील आणि खर्च वाटला जाईल.

खरी काळजी घ्यायची ती घोडा ठाणबंद होतो तेव्हा. पाय दुखावला, लॅमिनायटिस (खुरांच्या आतली सूज) झाला, डॉक्टर म्हणाले की सहा आठवडे बाहेर काढायचा नाही. एरवी दिवसभर बाहेर असणारा घोडा आता चोवीस तास आत. लीद दुप्पट, भुसा दुप्पट, पाणी सारखं बघायचं, गवत थोडं थोडं करून चार वेळा द्यायचं, लॅमिनायटिसवाल्याचं तर आधी भिजवायचं. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो सुकं गवत लागतं, पथ्य असेल तर डॉक्टर सांगतील तितकंच. काट्याला जाळी लावून वजन करूनच दे, अंदाजाने नको. इथे प्रत्येक फेरीचे चार-चार पौंड लावत बसलीस तर आठवड्याला इतका आकडा होईल की मालकीण घाबरून कामं कमी करायला सांगेल, आणि भोगेल घोडा. त्या बाईवर डॉक्टरांचं बिल आधीच आलेलं असतं. म्हणून ठाणबंद घोड्याचा आठवड्याचा एकच ठोक दर कर, फेऱ्यांच्या बेरजेपेक्षा बराच कमी, आणि गवत-भुसा तिचा की तुझा हे त्यातच लिही.

काही गोष्टींचे पैसे घ्यायचेच नाहीत, हेही ताई म्हणूनच सांगते. जाता-येता कुरणावर नजर टाकणं, रिकामी बादली भरणं, पायात अडकलेला झुलेचा पट्टा सोडवणं. घोडा पोटशुळाने लोळायला लागला तर आधी डॉक्टरांना फोन, मग मालकिणीला, आणि ते येईपर्यंत तू तिथेच. तो वेळ लिहायचा नाही. 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यात मालकाइतकीच जबाबदारी ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावरही असते, तात्पुरती असली तरी. आणि कायदा नसता तरी तू गेलीच असतीस, मला माहीत आहे. कुणाचं बिल थकलं म्हणून त्या घोड्याचं पाणी-गवत कधी थांबू देऊ नकोस. पैशाचं भांडण माणसाशी कर, कागदावर कर.

कागदाचं म्हणशील तर ब्रिटिश हॉर्स सोसायटीचा लिव्हरीचा नमुना करार आहे, तो घे आणि मागे आपलं दरपत्रक जोड. दर बदलायचा तर महिनाभर आधी सगळ्यांना लेखी कळवायचं, हेही त्यातच घाल. दर ठरलेलाच नसेल तर 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे गिऱ्हाईकाने वाजवी तेवढेच द्यायचे असतात, आणि वाजवी म्हणजे किती यावर मग वाद. त्यात पडायचंच कशाला? रोजचं काम रोज लिहायला खोगिराच्या खोलीत वही लटकव, पेन्सिल दोरीला बांधून. कोणता घोडा, काय केलं, किती वाजता, कुणी. त्याच संध्याकाळी मालकिणीला एक ओळीचा मेसेज. बिलात तारीखवार लिहायचं. 'इतर कामे, 46 पौंड' असं कधी लिहायचं नाही, त्या एका ओळीने वर्षानुवर्षांची माणसं यार्ड सोडून जातात.

मालकिणी आपापसांत एकमेकींचे घोडे आत घेतात, त्याला काही यार्डवाले बंदी घालतात म्हणे, आपली कमाई बुडते म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. ती त्यांची मैत्री आहे, आणि अडीअडचणीला तुझ्याही उपयोगी पडते. तू मात्र पैसे घेऊन घोडा हाताळणार, तेव्हा विमा बघ. साधा पब्लिक लायबिलिटीचा विमा तुझ्या हातात असताना घोड्यालाच इजा झाली तर बहुधा धरत नाही. त्यासाठी केअर, कस्टडी अँड कंट्रोल हे कलम वेगळं घ्यावं लागतं. तो हप्ता तासाच्या दरात मिळव.

आणि नाताळचं आत्ताच ठरव. 25 तारखेला दुप्पट घ्यायचे असतील तर हाताखालच्या मुलीलाही दुप्पट दे, तरच घे. तिला नेहमीचीच मजुरी द्यायची आणि वरचं आपल्या खिशात घालायचं, हे आपल्या घरात चालत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातील आणि दुसऱ्या दिवसापासूनच संध्याकाळचे मेसेज सुरू होतील. त्याआधी महिनाभर कागद सगळ्यांच्या हातात पडायला हवा, म्हणजे फार दिवस नाहीत. या आठवड्यात दोन संध्याकाळी घड्याळ लावून मिनिटं लिहून घे, एकदा कोरड्या दिवशी, एकदा पावसात, आणि डिसेंबरसाठी वर थोडी वाढव. मला पाठव, दर आपण दोघी मिळून बसवू.